कोपरगावच्या विटांच्या छताआधी काय काय घडलं

कोपरगावच्या शाळेतल्या माया सोमैया लायब्ररीचे फोटो बऱ्याच जणांनी पाहिले असतील, जमिनीचीच कड कुणीतरी उचलून धरलीये आणि खाली मुलं पुस्तकं घेऊन बसलीयेत असं वाटतं. मुंबईच्या समीप पडोरांच्या ऑफिसचं डिझाइन, २०१८ मध्ये पूर्ण झालं. फोटो बघून लोक म्हणतात कॉम्प्युटरची कमाल आहे. कॉम्प्युटर होताच, स्वित्झर्लंडमधल्या झुरिकच्या ईटीएच या तंत्रविद्यापीठातल्या संशोधकांचं रायनोव्हॉल्ट नावाचं सॉफ्टवेअर वापरलंय, पण ज्या रीतीने हे छत बांधलंय ती गवंड्यांची आहे आणि सहाशे वर्षांहून जुनी आहे, त्या गवंड्यांचं नाव कुणी घेत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

आधी घरातलीच एक गोष्ट बघा. भिंतीवरच्या फोटोला हार घातला की दोन टोकं वर राहतात आणि मधला भाग आपोआप खाली झुलतो, त्या हारात नुसता ताण असतो. तोच आकार जसाच्या तसा उलटा केला की ताणाच्या जागी नुसता दाब येतो. विटेला ताण सोसत नाही पण दाब भरपूर सोसतो, म्हणून उलट्या हाराच्या आकारात वीट लावली तर आत सळई नसली तरी छत उभं राहतं. रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने हे १६७५ च्या सुमारास मांडलं, स्पेनमधले गवंडी मात्र त्याच्या कितीतरी आधी ते हाताने करत होते, वालेन्सियातल्या अशा छतांची तारीफ करणारं राजाचं १३८२ चं पत्र आहे.

त्यांची युक्ती अशी की वीट पातळ घ्यायची आणि फरशीसारखी चपटी लावायची. पहिला थर जिप्समच्या भराभर घट्ट होणाऱ्या मसाल्यात, कडेला मसाला लावला, वीट टेकवली, थोडा वेळ हाताने धरली की पकडते, मग हात सोडून पुढची घ्यायची. त्यावर दुसरा तिसरा थर, सांध्यावर सांधा येऊ न देता. आपल्याकडे स्लॅब म्हटलं की आधी खाली बल्ल्या आणि फळ्यांचं जंगल उभं करावं लागतं, इथे सेंट्रिंग जवळपास लागतच नाही!

हीच कला घेऊन वालेन्सियाचा राफाएल ग्वास्तावीनो १८८१ मध्ये अमेरिकेला गेला आणि बोस्टनच्या लायब्ररीपासून न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनपर्यंत शेकडो इमारतींत त्याच्या कंपनीने अशी छतं घातली. न्यूयॉर्कजवळच्या एलिस बेटावरच्या मोठ्या हॉलचं छत त्यांनी १९१८ ला केलं, १९८० च्या दशकात दुरुस्तीला काढलं तेव्हा २८ हजारांहून जास्त टाइल्सपैकी फक्त १७ बदलाव्या लागल्या. तरी १९६२ ला कंपनी बंद पडली, मजुरी महागली होती आणि काँक्रीट सगळीकडे आलं होतं.

उरुग्वेत उलटं झालं, तिथे वीट मुबलक आणि स्वस्त, मग एलादिओ दिएस्ते या इंजिनियरने विटेतच सळई घालून लाटांसारखी छतं उभी केली. त्याचं १९६० चं अटलांटिडाचं चर्च २०२१ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलं. भारतात ल कॉर्बुझिए या आर्किटेक्टने अहमदाबादला साराभाईंच्या घरात १९५५ च्या सुमारास स्पेनच्या गवंड्यांच्या या कमानी (त्यांना कॅटलन कमानी म्हणतात) वापरल्या, पण ती लाट पुढे फार गेली नाही.

माझ्या मते खरं वळण दक्षिण आफ्रिकेत आलं. मापुंगुब्वेचं माहिती केंद्र, २००९. तिथल्याच मातीत थोडं सिमेंट मिसळून सुमारे २ लाख टाइल्स आसपासच्या बेरोजगार लोकांनी स्वतः दाबून काढल्या आणि त्याच टाइल्सच्या कमानी उभ्या राहिल्या, त्या वर्षीचा जगातल्या सर्वोत्तम इमारतीचा पुरस्कारही तिला मिळाला. माती तिथलीच आणि हातही तिथलेच.

कोपरगावला हे सगळं एकत्र येतं, थर लावायची कॅटलन रीत ग्वास्तावीनोच्या वाटेने आलेली, कडेचा दाब पेलण्याची बांधणी दिएस्तेच्या कामावरून घेतलेली. जागा अडचणीची होती, शाळेच्या इमारती आणि कंपाउंडच्या मधली, म्हणून छत जमिनीपासूनच वर चढवलं. आत लहान मुलं कडेला जमिनीवर बसतात, मोठी मुलं टेबलांवर, आणि वर विटांवरून चालत जाता येतं, पायाखाली विटांचे पातळ थर तेवढे, मध्ये एक खांब नाही.