लसीचा असर ओसरतो, की विषाणू तो चुकवतो?

जानेवारी २०२२ मध्ये करोनाच्या ओमायक्रॉन प्रकाराची लाट सांगली-मिरजेत पोहोचली, तेव्हा दोन्ही डोस घेतलेली माणसेही तापाने पडू लागली आणि ‘लसीचा असर उतरला’ हे वाक्य ज्याच्या त्याच्या तोंडी झाले. या एका वाक्यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या होत्या. रक्तातील प्रतिपिंडे (विषाणूला धरून रोखणारी प्रथिने, म्हणजे अँटिबॉडी) काळाबरोबर कमी होणे ही एक. प्रतिपिंडे भरपूर असूनही विषाणूचे रूप बदलल्यामुळे ती त्याला धरू न शकणे ही दुसरी.

तासगावच्या द्राक्षबागायतदाराला हा फरक समजावून सांगावा लागणार नाही. पावसाने फवारणी धुऊन गेल्यामुळे बागेत डाऊनी हा बुरशीचा रोग आला असेल, तर तेच औषध पुन्हा मारून भागते; पण बुरशीच त्या औषधाला दाद देईनाशी झाली असेल, तर तेच कितीही वेळा मारले तरी पैसे वाया जातात आणि वेगळ्या गटाचे औषध आणावे लागते. पानावरचा डाग मात्र दोन्ही वेळी सारखाच दिसतो.

ओसरणे ही त्यातल्या त्यात साधी गोष्ट आहे. लस घेतल्यावर किंवा संसर्ग झाल्यावर काही आठवड्यांत प्रतिपिंडे सर्वाधिक होतात आणि पुढील महिन्यांत उतरत जातात. कृष्णेचा पूर ओसरला तरी शेतात गाळ राहतो, तशा विषाणूची ओळख लक्षात ठेवणाऱ्या स्मृतिपेशी आणि अस्थिमज्जेतील काही प्रतिपिंडनिर्मात्या पेशी मागे राहतात. या उतारात विषाणूचा काहीही हात नसतो; तो तसाच राहिला असता तरी हे घडलेच असते.

चुकवण्याची गोष्ट विषाणूकडून सुरू होते. त्याच्या पृष्ठभागावरील स्पाइक प्रथिन १२७३ अमिनो आम्लांच्या साखळीचे असते आणि आपल्या पेशीला चिकटणाऱ्या त्याच्या छोट्या भागावरच सर्वांत प्रभावी प्रतिपिंडे बसतात. या भागातील ४८४ व्या जागी मूळ विषाणूत ऋणभारित ग्लुटामिक आम्ल होते. बीटा प्रकारात तेथे धनभारित लायसीन आले, आणि त्या जागेवर घट्ट बसणाऱ्या अनेक प्रतिपिंडांची पकड सुटली. ओमायक्रॉनच्या स्पाइकमध्ये तीसहून अधिक बदल होते आणि त्यांपैकी सुमारे पंधरा नेमके याच चिकटणाऱ्या भागात होते. विषाणू हे ठरवून करत नाही (‘हुशार विषाणू’ हा शब्दप्रयोग म्हणूनच खटकतो). नक्कल करताना चुका होतात, आणि बहुतेकांना संसर्ग किंवा लस मिळालेल्या समाजात ज्या चुकीमुळे प्रतिपिंडे निसटतात तीच पुढे पसरते. डेल्टाची गोष्ट वेगळी होती. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्याने निर्बंध सैल करताना वगळलेल्या ११ जिल्ह्यांत सांगली आणि सातारा होते. तेथे रेंगाळलेल्या दुसऱ्या लाटेमागे असलेल्या डेल्टाने प्रतिपिंडांना थोडेफार चुकवले, पण त्याचे खरे बळ वेगाने पसरण्यात होते.

मग दोन्ही वेगळे ओळखायचे कसे? प्रयोगशाळेत एकाच व्यक्तीच्या एकाच दिवशी घेतलेल्या रक्तातील द्रव जुन्या आणि नव्या, अशा दोन्ही विषाणूंसमोर ठेवतात. दर काही महिन्यांनी नवे रक्त घेऊन हेच केल्यावर जुन्या विषाणूविरुद्धही जोर कमी होत गेला, तर ते ओसरणे. त्याच द्रवाने जुन्याला रोखले, पण नव्यापुढे तो फिका पडला, तर ते चुकवणे. कारण द्रव तोच असल्याने काळाचा प्रश्नच उरत नाही. डिसेंबरात दुसरा डोस घेऊन जानेवारीअखेर आजारी पडलेल्याच्या बाबतीत म्हणूनच ओसरण्याला दोष देणे चुकीचे ठरते. गावातल्या लॅबमध्ये त्या काळी मिळणारा प्रतिपिंडांचा आकडाही येथे फसवा होता, कारण ती चाचणी बहुधा मूळ स्पाइकवरच बेतलेली असे. रिपोर्टवर मोठा आकडा पाहून निर्धास्त झालेल्यांना त्याचा अर्थ कुणी सांगितलाच नव्हता.

प्रत्यक्षात बहुतेकांच्या बाबतीत दोन्ही गोष्टी एकदमच घडत होत्या. तरीही लस घेतलेल्या बहुतेकांचा आजार गंभीर झाला नाही, यामागे टी-पेशींचा (संसर्ग झालेल्या पेशी ओळखून मारणाऱ्या पांढऱ्या पेशींचा) मोठा वाटा आहे. या पेशी विषाणूचे अनेक विखुरलेले तुकडे ओळखतात, त्यामुळे मोजक्या जागा बदलून त्यांना चुकवणे अवघड असते.

उपायाच्या बाबतीत मात्र द्राक्षबागेचा दाखला अपुरा पडतो. जुन्याच लसीच्या तिसऱ्या डोसाने ओमायक्रॉनविरुद्धची प्रतिपिंडेही वाढली, कारण प्रमाण वाढले आणि स्मृतिपेशी दरम्यान अधिक व्यापक पकडीची प्रतिपिंडे बनवायला शिकल्या होत्या. उलट, नव्या प्रकारासाठी बेतलेली लस दिली (पुण्याच्या जेनोवा कंपनीच्या अशा लसीला जून २०२३ मध्ये मंजुरी मिळाली) तरी शरीर आधी ओळखीच्याच भागांविरुद्धची प्रतिपिंडे वाढवते आणि नव्या भागांकडे उशिरा वळते.