हॉस्पिस सेवेविषयीचे गैरसमज (कोकण)

आजार बरा होण्याची शक्यता संपल्यावर रुग्णाच्या वेदना, धाप, उलट्या, जखमा आणि मनाची तगमग कमी करण्यासाठी दिली जाणारी वैद्यकीय सेवा म्हणजे हॉस्पिस. तिचे आधुनिक रूप ब्रिटिश डॉक्टर सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ मध्ये लंडनला सुरू केलेल्या सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिसपासून धरतात. भारतात १९८६ मध्ये वांद्र्याला शांती आवेदना सदन हे हॉस्पिस सुरू झाले. त्याची एक शाखा गोव्यात आहे.

हॉस्पिस म्हणजे माणसाला नेऊन टाकायची इमारत, हा समज किनारपट्टीवर सर्रास आढळतो. ही सेवा घरीही देता येते: रुग्ण माजघरात किंवा पडवीतल्या खाटेवर, नर्स आठवड्यातून एकदोनदा येणारी, रोजची कामे घरच्यांनी शिकून घेतलेली. तोंडाच्या कर्करोगाच्या जखमेला घाण वास येऊ लागला की शेजारीपाजारी ओटीवरूनच परततात. मेट्रोनिडॅझोलच्या गोळीची पूड जखमेवर टाकली की हा वास बराच उतरतो. एवढी साधी गोष्टही पुष्कळ घरांना कोणी सांगितलेली नसते.

सर्वांत नुकसान करणारा गैरसमज मॉर्फिन या तीव्र वेदनांवरच्या औषधाचा. ‘ते सुरू केलं म्हणजे संपलं,’ असे म्हणत घरचे औषध लांबवतात. शेवटच्या दोन दिवसांत ते दिले जाते, पाठोपाठ मृत्यू येतो आणि वाडीभर समज आणखी पक्का होतो. प्रत्यक्षात तोंडाने घ्यायचे मॉर्फिन कमी मात्रेने सुरू करून साधारणपणे दर चार तासांनी देतात व वेदनेप्रमाणे वाढवतात. अशा वापरात व्यसन क्वचितच लागते. सुरुवातीचे काही दिवस गुंगी व मळमळ असते. बद्धकोष्ठता मात्र टिकते, म्हणून सारकही पहिल्या दिवसापासूनच देतात. अमली पदार्थविरोधी कायद्यात २०१४ मध्ये दुरुस्ती होऊन मान्यताप्राप्त संस्थांसाठी नियम सोपे झाले. तरी गावातल्या मेडिकलमध्ये हे औषध सहसा मिळत नाही.

‘पेज बंद केली म्हणून गेला,’ हा ठपका सहसा सुनेवर येतो. अखेरच्या दिवसांत शरीरच अन्न नाकारते. गिळता न येणाऱ्याला चमच्याने पेज भरवली तर ती श्वासनलिकेत जाऊ शकते. सलाईनने कधी सूज व छातीतली घरघर वाढते. ओल्या कापसाने तोंड पुसणे, ओठांना खोबरेल लावणे, हेही जेवू घालण्याइतकेच रुग्णासाठी काही करणे आहे. चाकरमानी मुलगा मुंबईहून येऊन ‘आयसीयूत न्या’ म्हणतो, तेव्हा प्रेमाइतकीच ‘लोक काय म्हणतील’ ही धास्तीही बोलत असते.

ही सेवा फक्त कर्करोगाची नव्हे. निकामी मूत्रपिंड, थकलेले हृदय, जुनाट दमा, स्मृतिभ्रंश यांतही ती लागू पडते. वेदनाशामक, म्हणजे पॅलिएटिव्ह, सेवा तर निदानापासूनच केमोसोबत चालू शकते. तिच्यासाठी शेवटाची वाट पाहावी लागत नाही.

हॉस्पिस म्हणजे इच्छामरणही नव्हे. येथे मृत्यू लवकर आणला जात नाही. निरर्थक उपचार नाकारण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी मान्य केला. तशी इच्छा आधी लिहून ठेवता येते आणि २०२३ पासून त्यावर दोन साक्षीदारांसह नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही पुरते. दंडाधिकाऱ्याकडे जावे लागत नाही.