भान, कौल आणि शंभराचा फासा : सीमाभागातील वैश्विक भयाच्या खेळामागची पार्श्वभूमी

बेळगाव, खानापूर आणि निपाणी या पट्ट्यात मराठीतून चालणारी वैश्विक भयाच्या रोल-प्लेइंग खेळाची, म्हणजे टेबलाभोवती बसून पात्रे वठवत फाशांवर कथा पुढे नेण्याच्या खेळाची, जी कॅम्पेन (अनेक बैठकांत चालणाऱ्या सलग कथा) मी पाहिली वा चालवली आहेत, त्यांच्या कॅरेक्टर शीटवर, म्हणजे पात्राचे आकडे लिहिण्याच्या कागदावर, पात्राचे मन किती शाबूत आहे हे दाखवणारा ‘सॅनिटी’ हा शब्द आता क्वचितच दिसतो. त्या रकान्यावर ‘भान’ असे लिहिलेले असते. नव्याने येणाऱ्या खेळाडूला हा केवळ भाषांतराचा प्रश्न वाटतो, परंतु या एका शब्दावरून येथे जितका वाद झाला तितका राक्षसांवरून, देवतांवरून किंवा फाशांवरूनही झालेला नाही. त्या वादामागे काय होते हे सांगताना बाकीचा इतिहास ओघाने येईल तेवढाच घेतला आहे.

दूरचा भाग थोडक्यात आटोपता येतो. टेबलावरच्या लष्करी डावपेचांच्या खेळातून १९७४ साली अमेरिकेत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ निघाला, आणि ‘कॅम्पेन’ हा शब्दही त्याच लष्करी वंशातून आला. मराठीत त्याला सहज ‘मोहीम’ म्हणता आले असते, पण बेळगाव हे छावणीचे गाव आहे आणि येथे मोहीम म्हटली की एक तर पलटण आठवते किंवा पाठीवर सॅक टाकून निघालेली गडकोटांची पदयात्रा. दोन्हींतून माणूस काहीतरी जिंकून परततो. वैश्विक भयाच्या खेळात जिंकून परतण्याची सोय नसते, म्हणून ‘मोहीम’ हा शब्द आमच्याकडे रुजला नाही आणि ‘कॅम्पेन’च राहिला.

ज्या कथेवरून हा सगळा प्रकार ओळखला जातो ती, एच. पी. लव्हक्राफ्टची ‘द कॉल ऑफ क्थुलू’, १९२६ साली लिहिली गेली आणि १९२८ साली एका अमेरिकी मासिकात छापून आली. तिचा लेखक १९३७ साली वारला. खेळांच्या जगात त्याच्या कल्पित देवता आल्या त्या मात्र विचित्र सोबतीने. १९८० साली देवदेवतांचे आकडे देणारे एक जाडजूड नियमपुस्तक निघाले, आणि त्याच्या पहिल्या आवृत्त्यांत समुद्रतळाशी निजलेला क्थुलू आणि आपले इंद्र, विष्णू, काली, यम हे एकाच पुठ्ठ्यात बांधलेले होते. प्रत्येकाच्या नावापुढे किती वार झेलल्यावर तो मरेल याचा आकडा होता. पुढच्या छपाईत क्थुलूचे प्रकरण हक्कांच्या प्रश्नावरून गाळण्यात आले, आणि इंद्र-विष्णू तसेच राहिले, कारण त्यांच्या वतीने हक्क सांगायला कोणाचीही कचेरी नव्हती. आमच्याकडे ग्रामदेवतेच्या नावापुढे आकडा लिहायचा नाही हा जो जवळजवळ सार्वत्रिक दंडक आहे, त्याला श्रद्धेइतकेच हे पुस्तकही कारणीभूत आहे. ज्याला आकडा असतो त्याला मारता येते, आणि ज्याला मारता येते त्याचे भय उरत नाही, हे नियमांच्या दृष्टीनेही खरे आहे.

खरी सुरुवात १९८१ ची. त्या वर्षी आलेल्या ‘कॉल ऑफ क्थुलू’ने शंभराच्या फाशावर, म्हणजे दहा बाजूंच्या दोन फाशांतून निघणाऱ्या एक ते शंभरच्या आकड्यावर, चालणारी आधीचीच पद्धत घेतली आणि तिला एक रकाना जोडला, तो सॅनिटीचा. पात्राच्या मनोबलाच्या पाचपट आकड्याने तो सुरू होतो. काही भयंकर दिसले की शंभराचा फासा टाकायचा आणि तो आपल्या चालू आकड्याच्या वर गेला की नुकसान सोसायचे. एका फटक्यात पाच किंवा त्याहून अधिक गेले तर तात्पुरते वेड लागण्याचा धोका, आणि आकडा शून्यावर आला की ते पात्र खेळाडूच्या हातून कायमचे जाते. यात सर्वांत क्रूर कलम मात्र वेगळेच आहे. निषिद्ध ज्ञानाचे जितके टक्के पात्राकडे जमतात, तितकी सॅनिटीची कमाल मर्यादा नव्व्याण्णववरून खाली येते. म्हणजे जितके कळेल तितके सावरणे अवघड. आधीच्या खेळांत अनुभवाने पात्र बळावत असे. येथे ते अनुभवाने झिजू लागले.

आता शब्दाकडे. पहिल्या काही वर्षांत आम्ही ‘मनःस्वास्थ्य’ लिहीत असू. तो शब्द दवाखान्यातला वाटे, आणि पात्राचा आकडा घसरला की टेबलावर कोणीतरी डॉक्टरचे नाव सुचवी. ‘शुद्ध’ घेतला तर ती हरपते म्हणजे माणूस आडवा पडतो, तेव्हा नियमातले पळणारे, ओरडणारे, भिंतीवर खुणा काढणारे पात्र त्यात बसेना. ‘विवेक’ फारच सज्जन निघाला. विवेक गेलेला माणूस दारू पितो वा शेत विकतो, त्याला आकाशातून कोणी हाक मारत नाही. या शब्दांची अडचण कोशातली होती, परंतु मूळ अडचण एका संध्याकाळी शहापुरातल्या एका घरात उघडी पडली. खेळात एका खेड्यातली म्हातारी घुमू लागते आणि तिच्या तोंडून कोणी दुसराच बोलतो असा प्रसंग होता. नियमाप्रमाणे तिची सॅनिटी केव्हाच शून्यावर गेलेली असायला हवी, तसे कीपरने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, सांगितलेही. त्यावर एका खेळाडूने फासे खाली ठेवले. त्याच्या आत्याच्या अंगात चाळीस वर्षे दर शुक्रवारी देवी येते, आणि तीच आत्या उरलेले सहा दिवस डेअरीला घातलेल्या दुधाचा हिशोब पैशाचीही चूक न करता ठेवते. “शुद्ध हरपली न्हवं, भान गेलंय की गा तिचं. येतंय परत,” एवढेच तो म्हणाला. त्या रात्री खेळ पुढे गेला नाही, पण शब्द सापडला.

भान जाते आणि भान येते. ते हरपते, सुटते, राहते आणि आणताही येते. आजारपणाचा शिक्का त्यावर नाही. ज्याचे भान गेले त्याला या भागात कोणी एकटे सोडत नाही, कपाळाला भंडारा वा अंगारा लावतात, पाणी देतात, आणि अंगात आलेले उतरले की त्याला घरी पोचवतात. म्हणून आम्ही नियम असा फिरवला की चार माणसांच्या देखत गेलेले भान चार माणसे परत आणू शकतात, आणि एकट्याने पाहिलेल्या गोष्टीने गेलेले भान परत येत नाही. वैश्विक भयाची जी मूळ कल्पना आहे, की विश्वाला माणसाची पर्वा नाही, ती या नियमाने अधिक टोकदार होते असे माझे मत आहे, कारण विश्वाला नसलेली पर्वा गावाला असते आणि पात्र गावापासून कधी तुटते याकडे सगळ्यांचे लक्ष लागते.

याला विरोध करणारे आजही आहेत आणि त्यांचा मुद्दा अगदीच पोकळ नाही. आकडा फक्त खालीच जायचा ही या खेळाची धार आहे, ती बोथट केली तर उरते ती भुताची गोष्ट, असे ते म्हणतात. पहिल्या वर्षी त्यांचे म्हणणे खरेही ठरले. प्रत्येक सेशनच्या शेवटी पात्रे गुरवाच्या दारात रांग लावू लागली आणि अंगारा हा औषधाच्या गोळीसारखा वापरला जाऊ लागला. तोड निघाली ती मूळ पुस्तकातूनच : भान परत येते, पण ज्ञानामुळे खाली आलेली कमाल मर्यादा परत वर जात नाही, हे कलम आम्ही जसेच्या तसे ठेवले. गाव माणसाला सावरते, त्याला कळलेले मात्र विसरायला लावू शकत नाही. २००८ साली आलेल्या दुसऱ्या एका नियमपुस्तकाने याच कोड्यावर दोन रकाने काढले आहेत, एक रोजच्या स्थैर्याचा आणि एक खोलवरच्या सॅनिटीचा. ते पुस्तक आमच्या हाती पडले तेव्हा अर्धे भांडण तिथेच मिटले.

‘कौल’ या शब्दाची कथा याहून साधी आहे. दहा बाजूंचे फासे या भागात बरीच वर्षे मिळत नसत, म्हणून शून्य ते नऊ आकड्यांच्या चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यात घालून दोनदा उचलत. देवळात पाकळ्या लावून उजवी पडली की होकार आणि डावी पडली की नकार असा कौल लावणे सर्वांच्या परिचयाचे, त्यामुळे ‘रोल कर’ऐवजी ‘कौल लाव’ हे कोणी न ठरवताच सुरू झाले. फासे आल्यावरही ते टिकले. माझ्या मते ते अचूकही आहे, कारण कौल लावणाऱ्याला उत्तर न आवडले तरी पुन्हा लगेच लावण्याची मुभा नसते.

काळाची निवड मात्र सरळ सोयीची होती. या खेळाचे मूळ दशक १९२० चे आहे, आणि त्या दशकात हा जिल्हा मुंबई इलाख्यात होता. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतरचे कॅम्पेन लिहायला बसले की नकाशावर नावे कोणत्या लिपीत आणि कोणत्या रूपात घालायची इथूनच टेबल दुभंगते. २०१४ साली सरकारी नाव बदलल्यावर तर शहराचे नाव उच्चारणे हीच एक भूमिका झाली. १९२४ च्या नकाशावर तो प्रश्नच येत नाही. शिवाय त्या वर्षाने आयताच मालमसाला दिलेला आहे. डिसेंबर १९२४ मधील राष्ट्रीय सभेचे बेळगावचे अधिवेशन, ज्याचे अध्यक्ष कोण होते हे येथील शाळकरी मुलालाही सांगावे लागत नाही, त्यासाठी विजयनगर नावाचे तात्पुरते नगर उभे राहिले आणि पाण्यासाठी एक प्रचंड विहीर खणली गेली. तिला पंपा सरोवर म्हणत. आज ती टिळकवाडीकडे काँग्रेस विहीर म्हणून ओळखली जाते. हजारो माणसांची तहान भागवण्यासाठी घाईघाईने खोल खणलेली विहीर म्हटल्यावर खाली काय लागले असेल हा प्रश्न कोणत्याही कीपरला सुचतोच. त्यात अधिवेशन २६ डिसेंबरला सुरू झाले आणि त्याच सकाळी मार्गशीर्षातली अमावास्या संपत होती. हे आम्ही कल्पिलेले नाही, पंचांगातलेच आहे. १९८४ साली निघालेले आणि आजही या प्रकारातले सर्वांत नावाजलेले कॅम्पेन १९२५ च्या जानेवारीत न्यूयॉर्कमध्ये सुरू होते, लंडन, कैरो, केनिया, शांघाय असे फिरते आणि संक्रांतीच्या तोंडावर, १४ जानेवारी १९२६ च्या खग्रास सूर्यग्रहणाशी येऊन थांबते. हिंदुस्थानाला त्यात वेगळे प्रकरण नाही. आमच्याकडची बहुतेक कॅम्पेन त्या मोकळ्या जागेत, अधिवेशन आणि ग्रहण यांच्या मधल्या वर्षभरात बसवलेली असतात.

दंतकथांची उणीव कधीच नव्हती. जांबोटी-कणकुंबीच्या रानातला चकवा, नदीच्या डोहातल्या साती आसरा, अमावास्येला फिरणारा वेताळ ही मंडळी आधीपासून होती, आणि पुण्याच्या एका भयकथाकाराने काळाच्या पलीकडून येणाऱ्या शक्ती मराठी वाड्यांत आणून ठेवल्या होत्या, त्यामुळे क्थुलूच्या जातीचे भय वाचकाला परके नव्हते. खानापूर तालुक्यातली तळेवाडीजवळची बारापेडे गुहा तर कोणी रचली असती तर अतिशयोक्ती वाटावी अशी आहे : १९१२ साली तिथे सापडलेल्या वटवाघळाची जात नवी म्हणून नोंदली गेली आणि पुढे कित्येक दशके जगात अन्यत्र कोठेही माहीत नव्हती. याउलट लक्ष्मीयात्रा, म्हणजे कित्येक वर्षांच्या अंतराने भरणारी, यात्रेआधी वार पाळायला लावणारी आणि शेवटी देवीला गावच्या सीमेकडे नेणारी, हिला हात लावताना संकोच होतो. मूळ कथांत आडवळणाच्या वस्तीतले, काळ्यासावळ्या रंगाचे लोक हेच नेहमी दुष्ट पंथाचे उपासक असतात. ती दृष्टी तशीच उचलली तर आपल्याच आजीला खलनायिका करावे लागते. सौंदत्तीच्या यल्लम्माबाबत तर बहुतेकांनी नकारच ठरवला आहे. मुंबई इलाख्याचा १९३४ चा आणि कर्नाटकाचा १९८२ चा देवदासी कायदा ज्या दुःखामुळे करावा लागला ते खेळातले गूढ म्हणून वापरण्याजोगे नाही, आणि येथे मी तटस्थ असल्याचा आव आणत नाही.

अलीकडच्या काही वर्षांत चित्र बरेच बदलले. २०१४ साली नियमांची सातवी आवृत्ती आली, २०२० च्या टाळेबंदीत खेळ मोबाइलवर गेला, आणि पुण्या-बंगळुरात नोकरीला गेलेली मुले शनिवारी रात्री पुन्हा एका टेबलाभोवती जमू लागली. त्यांच्यासोबत कन्नड मित्रही आले. भान-सॅनिटीचा वाद आता पुन्हा पेटणार असे मला वाटले होते. प्रत्यक्षात धारवाडकडच्या एका मुलीने पहिल्याच सेशनला सांगितले की त्यांच्याकडे अंगात येण्याला ‘मैमेले बरोदु’ म्हणतात, अंगावर येणे, आणि जे जाते ते ‘एच्चर’. शीटवर तिने ‘भान’च्या पुढे तिरकी रेघ मारून कन्नड लिपीत तो शब्द लिहिला. सध्या आमच्या छापील शीटवर तो रकाना तसाच असतो, आणि त्याखाली कमाल मर्यादेसाठी एक लहान चौकोन, ज्यात पेन्सिलीने लिहायला मनाई आहे.