आजोबा-पणजोबांचा फौजेतला फोटो ऑनलाइन शोधायचाय? आधी नंबर शोधा

"आमचे आजोबा महायुद्धात होते, वर्दीतला फोटो नेटवर भेटेल का?" नागपुरात कोणीही विचारतं आणि त्याआधी गुगलवर नाव टाकून वैतागलेलं असतं. तसं नाही भेटत बाप्पा. ऑस्ट्रेलियावाल्यांचं भेटतं, कारण पहिल्या महायुद्धात मेलबर्नजवळच्या ब्रॉडमेडोज छावणीत डार्ज नावाच्या कंपनीनं जवानांचे फोटो काढून विकले, अन् त्यातले १९,००० च्या आसपास आज ऑस्ट्रेलियन वॉर मेमोरियलच्या साइटवर नावानिशी आहेत. आपल्या शिपायाचा फोटो असलाच तर तो पलटणीच्या नावाखाली असतो, खाली त्याचं स्वतःचं नाव बहुतेकदा नसतंच. म्हणून आधी त्याचा फौजेतला नंबर अन् पलटण, फोटो नंतर.

नंबर डिस्चार्ज बुकात (फौजेतून सुटताना मिळायचं ते पुस्तक) किंवा पेन्शनच्या कागदावर असतो. कागद गेले असतील तर मेडल बघा, पहिल्या महायुद्धाच्या मेडलच्या कडेवर नंबर, नाव, पलटण कोरलेलं असतं, आणि दुसऱ्या महायुद्धाची मेडलं ब्रिटिश जवानांना कोरी दिली तरी आपल्याकडच्यांना नाव घालून दिली, चांदणीच्या आकाराचं मेडल, म्हणजे स्टार असेल तर मागच्या बाजूला बघा. फक्त पितांबरी लावून घासत बसू नका, कोरलेलं पुसलं जातं.

माणूस युद्धात मारला गेला असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन, म्हणजे युद्धात मेलेल्या जवानांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेच्या साइटवर फुकटात शोधता येतं. दुसऱ्या महायुद्धाचे ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ पर्यंतचे मृत्यू तिथं आहेत, जिवंत परतलेला माणूस तिथं दिसणार नाही. सर्व्हिसमध्ये इंडियन निवडा, आडनाव सोडून नुसतं पहिलं नाव टाकून बघा, कारण आडनाव बरेचदा लिहिलेलंच नसतं, वडिलांचं नाव अन् गाव असतं. जास्तीच्या माहितीच्या रकान्यात इंग्रजीत सेंट्रल प्रोव्हिन्सेस टाकून बघा, तेव्हा नागपूर त्यातच होतं. जाधवचं जाधाव, वानखेडेचं वानखडे, सगळी स्पेलिंगं करून बघायची, आणि पलटणीच्या नावातला मराठा हा शब्द जुन्या पद्धतीनं, मधे एच अन् शेवटी डबल टी घालून (Mahratta).

परत आलेल्यांसाठी पलटणीचं रेकॉर्ड ऑफिस, म्हणजे जवानांच्या नोंदी ठेवणारं ऑफिस. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं सागरला. (महारची दुसरी बटालियन १९४२ मध्ये आपल्या कामठीतच उभी झाली होती, पण कामठीत जाऊन विचारू नका, तिथं आता गार्ड्स या दुसऱ्याच रेजिमेंटचं सेंटर आहे.) अर्ज साध्या कागदावर चालतो: नंबर, नाव, पलटण, अंदाजे भरती-सुटीचं साल. सोबत तुमचा आधार, नातं दाखवणारं काहीतरी, म्हणजे वारस दाखला नाहीतर जुनं रेशनकार्ड, आणि मेडल किंवा डिस्चार्ज बुकाची झेरॉक्स. माझा पहिला अर्ज नंबरच न टाकल्यामुळं परत आला, चूक माझीच. अर्जाचा मसुदा नीट करायचा असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात एकदा विचारून घ्या. उत्तरच आलं नाही तर आरटीआय, फी १० रुपये, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, अन् अर्जदार भारतीय नागरिक असला की झालं, वारस असण्याची अट नाही.

आता फोटो. लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमच्या साइटवर पलटणीचं नाव अन् ठिकाण टाका. तिथल्या फोटोंचे नंबर इंग्रजी अक्षरांनी सुरू होतात, आयएनडी म्हणजे भारतातल्या लष्करी फोटोग्राफरांचे, एनए इटली-उत्तर आफ्रिकेकडचे, एसई ब्रह्मदेशाकडचे. रेकॉर्डमधून पलटण कुठल्या साली कुठं होती ते कळलं की त्याच महिन्यांचे फोटो एकेक उघडायचे. चिकाटीचं काम आहे, मी मोबाइलवर करायला गेलो अन् चेहरे काही ओळखू येईनात, कॉम्प्युटरवर मोठं करूनच बघा. घरात एखादी म्हातारी आत्या असेल तर तिला शेजारी बसवा, आपण जे चेहरे सोडून पुढं जातो तिथं ती थांबवते.