माठ, आंबील आणि पाण्याचं पिंप

एप्रिल-मे महिन्यांत सोलापुरात दुपारचा पारा ४२ अंशांवर जातो, तेव्हा सगळं घर तापलेलं असतं. भांडी, भिंती, गादीसुद्धा. कोपऱ्यात तिवईवर बसलेल्या माठातलं पाणी मात्र गार लागतं. माठ जे करतो, तेच काम आपली कातडीही करते. उन्हाळ्यात घरच्यांची प्रकृती सांभाळायची तर आधी हे काम समजून घ्यावं, असं मला मनापासून वाटतं.

भाजलेल्या मातीला बारीक छिद्रं असतात. त्यांतून पाणी झिरपून माठाच्या बाहेरच्या अंगावर येतं आणि वाऱ्याने त्याची वाफ होते. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता लागते. ही उष्णता बरीचशी आतल्या पाण्यातून ओढली जाते आणि ते गार होतं. हवा जेवढी कोरडी, तेवढी वाफ लवकर. तापमान ४२ अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल, तर वाफेमुळे पाणी तत्त्वतः २३-२४ अंशांपर्यंत उतरू शकतं. प्रत्यक्षात माठ तिथवर पोचत नाही, पण बराच जवळ जातो. मुंबईच्या दमट हवेत हे जमत नाही. म्हणून माठ अडगळीत कोंडू नये. तो सावलीत, पण वाऱ्याला ठेवावा. बोअरचं जड पाणी भरत असाल तर क्षार छिद्रांत बसून ती बुजतात, बाहेर पांढरे डाग दिसू लागतात आणि माठ गार करेनासा होतो. तो काथ्याने नुसत्या पाण्याने घासावा. साबण लावू नये, तो मातीत मुरतो.

आता घाम. उन्हात राबणाऱ्याच्या अंगातून तासाला एक लिटर किंवा त्याहून जास्त घाम जाऊ शकतो. इथल्या कोरड्या हवेत तो आल्या आल्या सुकतो, म्हणून माणसाला वाटतं, मला कुठे घाम येतोय! यंत्रमागाच्या शेडमध्ये उभा असलेला कामगार असो की पत्र्याच्या छपराखाली विड्या वळत बसलेली बाई, दोघांचंही पाणी सतत जात असतं आणि तहान उशिरा लागते. म्हातारपणी तर तहानेची जाणीवच बोथट होते. घरातल्या आजी-आजोबांना ‘पाणी देऊ का?’ असं विचारत बसू नये, तांब्या-भांडं हातात द्यावं. लघवी गडद पिवळी होत असेल तर पाणी कमी पडतंय, ही खूण लहान मुलांनाही शिकवता येते.

घामाबरोबर मीठही जातं, आणि इथे मला ज्वारीच्या आंबिलीबद्दल सविस्तर सांगायचं आहे. ज्वारीचं पीठ ताकात कालवून रात्रभर आंबवायचं, सकाळी पाण्यात शिजवायचं, मीठ, जिरं आणि ठेचलेला लसूण घालून गार करायचं. लहान आतड्याच्या पेशींवर एक प्रथिन असतं. ते ग्लुकोजचा एक रेणू आणि सोडियमचे दोन आयन एकत्रच आत घेतं, आणि त्यांच्यामागून पाणीही आत शिरतं. म्हणजे किंचित मीठ आणि किंचित साखर सोबत असली की पाणी नुसत्या पाण्यापेक्षा लवकर अंगी लागतं. याच तत्त्वावर मीठ-साखरेचं पाणी पाजून १९७१ मध्ये डॉ. दिलीप महालनबीस यांनी पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याच्या असंख्य रुग्णांना वाचवलं. आंबिलीत मीठ असतं, आणि ज्वारीचा स्टार्च पचताना ग्लुकोज हळूहळू सुटत जातं. जुलाब झाले असतील तर मात्र आंबिलीवर विसंबू नये, तिथे ओआरएसची पुडीच हवी. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मीठ किती घ्यावं हे डॉक्टरांना विचारावं.

पंख्याचंही एक सांगायला हवं. हवा ४० अंशांच्या वर गेली की पंखा कोरड्या अंगावर गरम वाराच मारतो आणि अंग आणखी तापवतो. अंग ओलं असेल तर तोच वारा वाफ करून गारवा देतो. आपल्या सोलापुरी टॉवेलच्या फासांमध्ये पाणी भरपूर धरलं जातं. तो भिजवून, पिळून मानेवर आणि खांद्यांवर टाकावा, मग पंख्याखाली बसावं.

कुणी असंबद्ध बोलू लागलं, झोकांड्या खाऊ लागलं आणि अंग चटके बसतील इतकं तापलं असेल, तर तो उष्माघात समजावा. १०८ ला फोन लावावा आणि गाडी येईपर्यंत थांबून न राहता सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतावं, वारा घालावा. शुद्ध नसेल तर तोंडात पाण्याचा थेंबही घालू नये.

हे सगळं पाणी येतं कुठून? कित्येक वर्षं सोलापूरकरांच्या नळाला पाणी काही दिवसांच्या अंतराने येत आलं आहे, त्यामुळे पिंप, हौद, टाकी घराघरांत. नवं पाणी आलं की ‘शिळं’ म्हणून जुनं ओतून देणारी बरीच घरं मी पाहिली आहेत, आणि दरवेळी जीव हळहळतो. पाणी शिळं होत नाही. त्यातलं क्लोरीन दिवसागणिक कमी होतं आणि आपण बुडवलेल्या हातांनी ते दूषित होतं. लांब दांड्याच्या ओगराळ्याने पाणी काढलं तर निम्मा प्रश्न मिटतो. शेवटच्या दिवसांतलं पाणी पिण्यासाठी उकळून घ्यावं, बाकीचं झाडांना, फरशीला, धुण्याला वापरावं.

पिंपाचा खरा धोका डेंग्यूचा. एडिस डासाची मादी पाण्यात नव्हे, तर पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या भिंतीला अंडी चिकटवते. ही अंडी कोरडी राहूनही काही महिने तग धरतात आणि पाणी वर चढलं की फुटतात. अंड्यापासून डास व्हायला साधारण ८ ते १० दिवस लागतात. पिंप नुसतं रिकामं करून पुन्हा भरलं तर अंडी तिथेच राहतात. म्हणून आठवड्यातून एकदा, नळाला पाणी येण्याच्या आधी, पिंप रितं करून आतली भिंत काथ्याने खरवडून घासावी, तासभर उन्हात पालथं घालावं आणि भरल्यावर तोंडाला घट्ट विणीचं कापड दोरीने आवळून बांधावं. हात ओले आहेत तोवर माठही घासून घ्यावा.