अरेका घ्यावा की पार्लर पाम?

हातभर उंचीची रोपं शेजारी ठेवली, तर अरेका आणि पार्लर पाम यांत भले भले फसतात. दोघांच्याही झावळ्या पिसासारख्या, आणि दोघंही कुंडीत झुबक्यानं वाढलेले. मग जे जास्त भरगच्च दिसतं ते घरी येतं.

ओळख पटवायची तर देठ बघा. अरेकाचे देठ पिवळसर असतात आणि झावळीतली पाती दोन्ही बाजूंनी वर उचललेली, पन्हळीसारखी दिसतात. त्याच्या शास्त्रीय नावातल्या ‘ल्युटेसेन्स’चा अर्थच पिवळसर होणारा. तो रोग नव्हे, उगाच खतं घालू नका. पार्लर पामचं खोड हिरवं आणि बारीक, पाती नाजूक. (अरेका हे खरं तर सुपारीच्या प्रजातीचं नाव, या मादागास्करच्या पामला सुपारी धरत नाही.)

खरा प्रश्न उजेडाचा आहे. पार्लर पाम मेक्सिको आणि ग्वाटेमालाच्या जंगलात मोठ्या झाडांच्या सावलीत वाढतो, त्यामुळे खिडकीपासून दूरच्या कोपऱ्यातही तो तग धरतो. अरेकाला मात्र भरपूर उजेड लागतो, फक्त काचेतून येणारं दुपारचं ऊन नको. अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवलेला अरेका लगेच मरत नाही, हीच पंचाईत. साठवलेल्या अन्नावर काही महिने तो तजेलदार दिसतो. मग नवी झावळी आधीपेक्षा लहान निघते, जुन्या एकेक करून वाळतात आणि आपण पाणी वाढवतो. उजेड कमी असताना वाढवलेलं पाणी मुळं कुजवतं. मला विचाराल तर दिवसा दिवा लावावा लागतो अशा खोलीत अरेका नेऊच नये.

दुसरा फरक कुंडीत लपलेला असतो. अरेका बुंध्यातून फुटवे काढतो. एखादं खोड फार उंच झालं आणि तळातून कापलं, तर शेजारचे फुटवे जागा भरतात. पार्लर पामचा झुबका म्हणजे एकत्र लावलेली अनेक एकखोडी रोपं. त्यातल्या एकाचा शेंडा तुटला की ते रोप संपलं, कारण पामचं खोड शेंड्यातूनच वाढतं. विरळ करायला म्हणून त्यांची मुळंही ओढू नका, ती दुखावलेली त्याला सोसत नाहीत.

पाणी दोघांनाही वरची बोटाच्या पेराएवढी माती सुकल्यावरच. अरेका ते लवकर पितो. पातींची टोकं तपकिरी झाली तर बहुधा हवा कोरडी आहे किंवा पाण्यात क्षार जास्त आहेत.

घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर हे दोन्ही पाम निर्धास्त ठेवा. पण सायकस, म्हणजे सागो पाम, मुळीच नको. तो पाम नाहीच, आणि त्याच्या बिया कुत्र्याच्या जिवावर बेततात.