फोकसिंग रेल

मॅक्रो छायाचित्रणात, म्हणजे लहान वस्तू अगदी जवळून मोठ्या टिपताना, कॅमेरा आणि भिंग यांची एकमेकांतली मांडणी जराही न बदलता दोन्ही मिळून वस्तूच्या दिशेने बारीक मापाने पुढे-मागे सरकवणारे साधन. ते ट्रायपॉडचे डोके आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसते. मुंबईतल्या छायाचित्रकारांत ‘मॅक्रो रेल’ किंवा नुसते ‘रेल’ एवढेच म्हणण्याची पद्धत आहे.

रचना : रेलचे दोन मुख्य प्रकार आढळतात. पहिल्यात दातेरी पट्टीवर दातेरी चाक फिरते. हा प्रकार चटकन सरकतो, त्यामुळे रानात सोयीचा. दुसऱ्यात लांब मळसूत्र असते. त्याच्या दोन आट्यांतले अंतर १ मिमी असेल, तर बटणाच्या एका पूर्ण फेऱ्यात कॅमेरा १ मिमी सरकतो आणि दहाव्या हिश्श्याच्या फेऱ्यात ०.१ मिमी. याच मळसूत्राला एका फेऱ्यात २०० पावले टाकणारी स्टेपर मोटर जोडली की प्रत्येक पाऊल ५ मायक्रॉनचे होते. रेलची पारख मात्र बटणाची दिशा उलटवताना होते. बटण उलटे फिरू लागते, कॅमेरा क्षणभर जागीच राहतो. लेथवर काम करणारे कारागीर ज्याला ‘प्ले’ म्हणतात तो हाच. म्हणून मालिका, म्हणजे नंतर जुळवून एक चित्र करण्यासाठी थोडे थोडे सरकत घेतलेल्या चौकटी, टिपताना नेहमी एकाच दिशेने सरकावे, आणि सुरुवातीच्या जागेच्या थोडे मागे जाऊन मग पुढे येत पहिली चौकट घ्यावी. कॅमेरा खाली झुकवलेला असेल, तर वजनाने तो आपोआप घसरतो. कुलूपस्क्रू नसलेली रेल अशा कामाला घेऊ नये.

प्रकाशीय आधार : वस्तू सेन्सरवर मूळ आकाराएवढी उमटली की विवर्धन १:१ झाले असे मानतात. पूर्ण चौकटीच्या सेन्सरसाठी ०.०३ मिमी धूसरपणा चालवून घेतला, तर १:१ ला एफ/८ वर (एफ-आकडा म्हणजे भिंगाच्या छिद्राचे माप; आकडा मोठा तितके छिद्र लहान) डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे एकाच वेळी स्पष्ट दिसणारी खोली, सुमारे १ मिमी मिळते. २:१ ला ती जवळपास ०.३६ मिमी होते आणि ५:१ ला ०.१२ मिमीच्या आत येते. छिद्र लहान करून हे भरून निघत नाही. १:१ ला एफ/८ चे परिणामी मूल्य एफ/१६ होते आणि एफ/१६ चे एफ/३२. तिथे विवर्तनाने, म्हणजे लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्याने, सगळे चित्रच मऊ पडते.

फोकसचे कडे फिरवून काम का भागत नाही, हा प्रश्न नवशिके नेहमी विचारतात. ५० मिमीचे साधे भिंग १:१ वर असताना वस्तू ते सेन्सर अंतर २०० मिमी, म्हणजे नाभीय अंतराच्या (फोकल लेंथच्या) चौपट असते, आणि हे त्या भिंगासाठी शक्य असलेले किमान अंतर आहे. आता सेन्सर जागेवर ठेवून भिंग १ मिमी पुढे नेले, तर सेन्सरपासून स्पष्ट दिसणाऱ्या प्रतलाचे अंतर जेमतेम ०.०२ मिमीने बदलते, विवर्धन मात्र २ टक्क्यांनी वाढते. किमान मूल्याच्या आसपास अंतर जवळजवळ स्थिर असते, त्याचा हा परिणाम. फिरवणारा फिरवत राहतो, चित्र मोठे-लहान होते, पण फोकस आहे तिथेच राहतो. अंतर्गत फोकस असलेल्या आधुनिक मॅक्रो भिंगांत नाभीय अंतरही बदलते, म्हणून त्यांना हा हिशेब जसाच्या तसा लागू होत नाही. कॅननच्या एमपी-ई ६५ मिमी (१९९९) या १:१ ते ५:१ भिंगात तर कडे फक्त विवर्धन ठरवते, आणि फोकस साधायला कॅमेराच हलवावा लागतो.

उगम : रेल कोणापासून आली याबद्दल तीन मते आहेत. पहिले मत तिचा संबंध सूक्ष्मदर्शकाच्या दातेरी पट्टीशी जोडते. दुसरे ब्लॉक तयार करणाऱ्या छापखान्यांतल्या प्रोसेस कॅमेऱ्याशी; त्यात मूळ चित्राचा फलक आणि भिंगाची पाटी लांब रुळांवर सरकत असे. तिसरे मत लहान कॅमेऱ्यांच्या भात्याला, म्हणजे भिंग आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसणाऱ्या, लांब-आखूड होणाऱ्या घडीच्या बेलोजला महत्त्व देते. पहिल्या मताला आधार आहे तो केवळ यंत्ररचनेच्या साम्याचा. प्रोसेस कॅमेऱ्यात भाग एकमेकांपासून दूर-जवळ होतात, सगळा संच एकत्र सरकत नाही, आणि रेलचे वैशिष्ट्य नेमके तेच आहे. त्यामुळे तिसरे मत अधिक ग्राह्य वाटते. भात्याच्या काही नमुन्यांत भिंग व कॅमेरा सरकवणाऱ्या पट्टीखाली संपूर्ण भाता सरकवणारी आणखी एक पट्टी असे. ती सुटी केली की आजची रेल तयार होते. लायका कॅमेरे बनवणाऱ्या लायट्झच्या सरकत्या फोकस-जोडणीलाही कधी कधी पूर्वज मानतात, पण ती फोकस पाहण्याची घासलेली काच आणि कॅमेरा यांची अदलाबदल करण्यासाठी आडवी सरकत असे, खोलीच्या दिशेने नव्हे. भिंगातूनच पाहत सरकवणे सोयीचे झाले ते काइने एक्झाक्टा (१९३६) यासारख्या ३५ मिमी रिफ्लेक्स कॅमेऱ्यांमुळे. त्यामुळे आजच्या अर्थाची रेल त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत रूढ झाली असावी, एवढेच सावधपणे म्हणता येते.

१९६० च्या दशकात डॅन मॅक्लॉक्लन यांनी उलटी वाट धरली. कॅमेरा स्थिर ठेवून वस्तूच प्रकाशाच्या पातळ पडद्यातून सरकवायची, म्हणजे फोकसमध्ये आलेला भाग तेवढाच उजळतो आणि एकाच फिल्मवर पूर्ण खोली उमटते. पुढे संगणकावर अनेक चौकटींतले स्पष्ट भाग जुळवण्याची पद्धत, म्हणजे फोकस स्टॅकिंग, आली आणि रेलला खरे काम मिळाले. २००८ च्या फोटोशॉप सीएस४ मध्ये ही सोय आल्यावर ती हौशी मंडळींपर्यंत पोचली.

कडे की रेल : निकॉन डी८५० (२०१७) सारख्या कॅमेऱ्यांत फोकस टप्प्याटप्प्याने आपोआप सरकवण्याची सोय आल्यावर रेल कालबाह्य झाली असे काही जण मानतात. १:१ पेक्षा कमी विवर्धनाला त्यांचे म्हणणे रास्त आहे. रेलवर भिंगाचा दृष्टिबिंदूही सरकतो, त्यामुळे खोल वस्तूत पुढच्या कडेमागचा भाग चौकटीगणिक झाकला-उघडला जातो आणि जुळवणीत कडांभोवती वलये उमटतात. १:१ च्या पुढे मात्र एकूण सरकणे काही मिलिमीटरचे असते, हा दोष नगण्य ठरतो आणि टप्पे मोजूनमापून घेता येतात. तिथे रेलला पर्याय नाही, असे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे.

मुंबईतील वापर : या शहरात छायाचित्रणाची परंपरा जुनी आहे. बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये स्थापन झाली आणि डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या एतद्देशीय सभासदांपैकी होते. आज रेल मुख्यतः बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, आरे आणि माहीमचे महाराष्ट्र निसर्ग उद्यान इथल्या कीटक-कोळ्यांसाठी वापरली जाते. हिवाळ्यातली पहाट त्यातल्या त्यात बरी : दवाने ओथंबलेला चतुर गारठ्यात हलत नाही, वारा पडलेला असतो, आणि तेवढ्या अवधीत वीस-तीस चौकटी पदरात पडतात. डोळ्यांपासून सुरुवात करून शेपटीकडे जावे. मध्येच तो उडालाच, तरी डोळे हाती राहतात. पावसाळ्यात किडे भरपूर असतात, पण पानावर टपकणारा एक थेंबही मालिका मोडतो, म्हणून तेव्हा बहुतेक जण रेल पिशवीतच ठेवून हाताने झुलत फ्लॅशवर टिपतात. तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ नाव दिलेला, ठाणे-कल्याण परिसरातून २०२१ मध्ये वर्णन झालेला आयशियस तुकारामी हा उड्या मारणारा कोळी काही मिलिमीटरचाच आहे. एवढ्या जिवाची आठ डोळ्यांची मांडणी एका चौकटीत सबंध स्पष्ट येणे दुरापास्त.

घरात मृत नमुने टिपताना अडचण येते ती कंपांची. ५:१ ला शेजारच्या खोलीतले पाऊलही चित्रात दिसते, आणि लोकलच्या रुळांलगतच्या इमारतींत दोन गाड्यांमधला अवकाश साधावा लागतो. पंखा बंद ठेवावा, शटर रिमोटने दाबावे आणि प्रत्येक टप्प्यानंतर दोन-तीन सेकंद थांबावे.

जव्हेरी बाजारातल्या दागिन्यांच्या आणि वांद्रे-कुर्ला संकुलातल्या हिऱ्यांच्या व्यापारातही अशाच जुळवलेल्या चित्रांना मागणी असते.

निगा : समुद्राच्या खाऱ्या, दमट हवेत पोलादी मळसूत्राला गंज धरतो. जून ते सप्टेंबर या काळात रेल सिलिका जेलसह बंद डब्यात ठेवावी. जुने, धूळ बसलेले ग्रीस पुसून नवे अगदी पातळ लावावे. जाड थराने चाल जड होते आणि बारीक टप्पे झटक्याने पडतात.